तिकिटाएवढं अमूर्त : टपाल तिकिटांवरच्या अमूर्त चित्रांचा संग्रह कसा सुरू करावा

१९८२ साली आपल्या टपाल खात्याने सय्यद हैदर रझा यांच्या ‘बिंदू’ या चित्राचं तिकीट काढलं. तेव्हा रझा साठ वर्षांचे होते आणि पॅरिसमध्ये राहत होते. मंडला जिल्ह्यात बालपण, नागपूरला आणि मग मुंबईत जे.जे.मध्ये शिक्षण, १९५० मध्ये फ्रान्स, असा त्यांचा प्रवास. लहानपणी मन एकाग्र व्हावं म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, ही आठवण ते सांगत असत. त्या ठिपक्याचं पुढे मोठं चित्र झालं आणि चित्राचं पुन्हा तिकीट झालं. माझ्या संग्रहातलं हे पहिलं अमूर्त तिकीट. आजही अल्बम उघडला की पहिलं पान त्याचंच.

प्रसिद्ध अमूर्त चित्रांच्या छोट्या प्रतिकृती जमवायच्या तर वाटा बऱ्याच आहेत. संग्रहालयांच्या दुकानातली पोस्टकार्डं असतात, फ्रिजवर लावायची चुंबकं असतात, काडेपेटीएवढ्या फ्रेमही मिळतात. त्यांत वाईट काहीच नाही. पण नवशिक्याला मी तिकिटंच सुचवेन. तिकीट स्वस्त असतं आणि जागा खात नाही. कुठल्या देशाने कुठल्या वर्षी काढलं याची त्याची पक्की नोंद असते. शिवाय त्यामागे चित्रकाराखेरीज आणखी माणसं असतात : चित्र निवडणारा, मांडणी करणारा, प्लेट कोरणारा, छापणारा. मोठं चित्र बोटभर जागेत बसवताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं. तो निर्णय वाचता येऊ लागला की या छंदाची खरी गोडी लागते.

आधी कुंपण घाला

‘चित्रकला’ हा विषय घेऊन तिकिटं जमवायला निघालात तर सहा महिन्यांत बुडाल. जगात चित्रांची तिकिटं अमाप आहेत. ‘अमूर्त’ म्हटल्यावर आवाका कमी होतो, पण तोही नव्या माणसाला मोठाच. म्हणून सुरुवातीला एकच छोटं कुंपण घाला. तीन कुंपणं मी स्वतः वापरून पाहिली आहेत.

पहिलं, एकच पत्रक. अमेरिकेच्या टपाल खात्याने ११ मार्च २०१० रोजी अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत बहरलेल्या अमूर्त प्रवाहातल्या चित्रकारांचं दहा तिकिटांचं पत्रक काढलं. प्रत्येक तिकीट ४४ सेंटचं. त्यात हान्स हॉफमन, अ‍ॅडॉल्फ गॉटलिब, मार्क रॉथको, आर्शिल गॉर्की, क्लिफर्ड स्टिल, विलेम डी कूनिंग, बार्नेट न्यूमन, जॅक्सन पोलॉक, रॉबर्ट मदरवेल आणि जोन मिशेल आहेत. एका कागदावर अख्खा कालखंड! प्रकाशन न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात, ऑल्ब्राइट-नॉक्स कलादालनात झालं. जागा योग्यच निवडली होती, कारण यातली काही महत्त्वाची चित्रं त्याच दालनाच्या मालकीची आहेत. पोलॉकचं ‘कन्व्हर्जन्स’ त्यांपैकी एक. पत्रकाच्या कडेच्या कोऱ्या भागातसुद्धा न्यूमनच्या ‘अकिलिस’ चित्राचे अंश वापरले आहेत. म्हणून हे पत्रक अखंडच घ्या आणि अखंडच ठेवा. एकेक तिकीट सोडवलं की मांडणी मोडते.

दुसरं कुंपण, एकच वर्ष. युरोपातले देश दरवर्षी ‘युरोपा’ नावाने एका समान विषयावर तिकिटं काढतात. १९९३ चा विषय होता समकालीन कला. त्या एका वर्षात देशोदेशींनी आपापले आधुनिक चित्रकार पुढे केले. ब्रिटनच्या संचात बेन निकल्सन आहे. सगळंच अमूर्त नाही, पण कोणत्या देशाला अमूर्त चित्र दाखवावंसं वाटलं आणि कोणी ओळखू येणाऱ्या आकृतीच पसंत केल्या, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. ही तिकिटं आजही खिशाला परवडतात.

तिसरं, एकच चित्रकार. १९९४ मध्ये मोंद्रियान या, उभ्या-आडव्या काळ्या रेघा आणि रंगीत चौकोनांची चित्रं काढणाऱ्या डच चित्रकाराच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली तेव्हा नेदरलँड्सने त्याच्यावर तिकिटं काढली. २०१९ मध्ये अमेरिकेने एल्सवर्थ केलीच्या दहा कलाकृतींचा संच काढला. सपाट, कडक कडांचे रंग असणारा केली तिकिटावर फार छान दिसतो. नवशिक्याला चित्रकार निवडायचा असेल तर मी याच्यापासून सुरुवात करायला सांगेन.

एक सूचना. तिकिटावर चित्रकार असणं आणि चित्र असणं यात फरक आहे. १९९९ मध्ये अमेरिकेने पोलॉकचं एक तिकीट काढलं. त्यावर तो जमिनीवरच्या कॅनव्हासवर रंग टाकताना दिसतो. मूळ छायाचित्रात त्याच्या ओठांत सिगारेट होती, ती तिकिटावर काढून टाकली आहे. तिकीट मजेदार आहे, माझ्याकडेही आहे, पण ते चित्राची प्रतिकृती नव्हे. वेगळ्या पानावर ठेवा.

सामान : थोडं, पण बरं

एक चिमटा, एक भिंग, एक स्टॉकबुक (पानांवरच्या पट्ट्यांमागे तिकिटं सरकवून ठेवायची वही). इतक्यावर पहिलं वर्ष निघतं.

चिमटा तिकिटांचाच घ्या, सपाट आणि गुळगुळीत टोकाचा. घरातला भुवयांचा चिमटा चालत नाही, त्याच्या दातांचे वळ कागदावर उमटतात. बोटांनी तिकीट उचलण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावूनच घेऊ नका. हात कितीही धुतले तरी तेल आणि घाम असतोच. अमूर्त तिकिटांत रंगाचे मोठे सपाट पट्टे असतात, त्यावर बोटाचा डाग लगेच दिसतो. फुलापानांच्या तिकिटावर तो लपून जाईल, इथे नाही.

भिंग दहापट मोठं दाखवणारं घ्या. पुढे ते फार लागणार आहे.

स्टॉकबुक काळ्या पानांचं असेल तर उत्तम. पांढऱ्या पानावर तिकिटाची पांढरी कड विरून जाते आणि चित्र कुठे संपतं ते कळत नाही. पारदर्शक पट्ट्या पीव्हीसीच्या नसाव्यात. तसलं प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं आणि रंग ओढून घेतं. विकत घेताना विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

कुठून घ्यायची

भारतीय तिकिटांसाठी सर्वांत सरळ रस्ता म्हणजे टपाल खात्याचा फिलाटेलिक ब्युरो. मुंबईत जीपीओच्या घुमटाच्या इमारतीत आहे, पुण्यात आणि नागपुरातही मुख्य टपाल कार्यालयात आहे. तिथे फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडता येतं. पैसे आगाऊ भरून ठेवायचे, की नवीन तिकिटं घरपोच येत राहतात. मात्र ब्युरोत अलीकडचीच तिकिटं मिळतात. रझांच्या ‘बिंदू’साठी जुन्या तिकिटांचा व्यापारीच गाठावा लागेल. त्याच्याकडे गेल्यावर ‘१९८२, फेस्टिव्हल ऑफ इंडिया, समकालीन चित्रं’ एवढं सांगितलं की पुरे. त्याच संचात हुसेन यांचं ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ही आहे. जोडीनेच घ्या.

परदेशी तिकिटांसाठी माझा अनुभव सांगतो : सगळ्यांत आधी नातेवाईकांना विचारा. न्यू जर्सीत, लंडनमध्ये, आम्सटरडॅममध्ये कोणी ना कोणी असतंच. त्यांना नेमकं वर्ष आणि संचाचं नाव लिहून पाठवा. ‘छानशी तिकिटं आण’ म्हणालात तर फुलपाखरं येतील. ऑनलाइन घेताना पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. पाठची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गोंद शाबूत आहे का, जुन्या हिंजची (तिकीट पानावर लावायच्या छोट्या गोंदाच्या कागदी पट्टीची) खूण आहे का, कुठे पातळ झालंय का, हे सगळं मागेच कळतं.

‘मिंट’ म्हणजे न वापरलेलं. ‘एमएनएच’ म्हणजे न वापरलेलं आणि हिंजही न लागलेलं. या विषयात मी शक्यतो एमएनएच घ्यायला सांगतो. एरवी मला शिक्का पडलेली तिकिटं फार आवडतात, कारण त्यांनी प्रवास केलेला असतो. पण रॉथकोच्या नारिंगी-पिवळ्या पट्ट्यांवर काळा शिक्का बसला की बघायला काही उरत नाही.

फसगत कुठे होते तेही सांगतो. कांदिन्स्की, क्ले यांसारख्या नावांची, चकचकीत, आफ्रिकेतल्या एखाद्या देशाचं नाव छापलेली पत्रकं ऑनलाइन ढिगाने दिसतात. त्यातली पुष्कळ त्या देशाच्या टपाल खात्याने कधी काढलेलीच नसतात, कुणीतरी परस्पर छापलेली असतात. २००२ पासून जागतिक टपाल संघाने अधिकृत तिकिटांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली आहे, तिला डब्ल्यूएनएस म्हणतात. तिथे जुळवून बघा. मात्र सगळेच देश त्यात नोंद करत नाहीत, म्हणून स्टॅन्ले गिबन्स, स्कॉट किंवा मिशेल यांपैकी एका कॅटलॉगमध्येही शोधा. दोन्हीकडे सापडलं नाही तर सोडून द्या.

लहानपणी आपल्यापैकी अनेकांच्या वहीत अजमान, फुजैरा, शारजा अशा आखाती अमिरातींच्या नावांची मोठी, रंगीत, आधीच शिक्का मारलेली चित्रांची तिकिटं असायची. ती साठच्या आणि सत्तरच्या दशकात संग्राहकांसाठीच भरमसाट छापली गेली. आठवण म्हणून जपा, पण त्यासाठी आज मोठी किंमत मोजू नका.

भिंगाखाली काय बघायचं

या छंदाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

तिकीट मुख्यतः तीन तऱ्हांनी छापलेलं असतं. ऑफसेटमध्ये भिंगाखाली वेगवेगळ्या रंगांचे ठिपके एकमेकांभोवती फुलासारखे जमलेले दिसतात. ग्रॅव्ह्युअरमध्ये बारीक, एकसारखी जाळी दिसते आणि अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या असतात. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसने १९५२ च्या संतकवींच्या मालिकेपासून ही पद्धत वापरली, त्यामुळे ही जाळी आपल्या डोळ्यांच्या ओळखीची आहे. तिसरी पद्धत कोरीव छपाईची, म्हणजे इंटाग्लिओ. तिच्यात कारागीर धातूच्या प्लेटवर रेघा कोरतो आणि शाई कागदावर उंच बसते. तिकीट दिव्याखाली तिरकं धरलं की ती उंची चमकते.

आता एक प्रयोग करा. फ्रान्सने १९६१ पासून मोठ्या आकाराची कलाकृतींची तिकिटं काढायला सुरुवात केली. पहिल्या चारांत ब्राकचं ‘ल मेसाजे’ आणि मातिसच्या निळ्या आकृत्या होत्या. ही कोरीव तिकिटं. त्यातलं एखादं घ्या आणि अमेरिकन पत्रकातल्या रॉथकोशेजारी ठेवा. ब्राकच्या तिकिटात एकेक रेघ कुणीतरी हाताने ठरवली आहे. तिथे कोरणारा माणूस चित्रकाराबरोबर बसलेला जाणवतो. रॉथकोच्या चित्रातले रंग कडेला धुक्यासारखे विरतात. तिथे रेघ निरुपयोगी असते आणि ठिपकेच लागतात. माझं मत असं बनलं आहे की कडक भूमिती आणि रेषेचं चित्र कोरीव छपाईत जिवंत राहतं आणि विरघळणाऱ्या रंगाचं चित्र ठिपक्यांत. तुम्ही शंभरेक तिकिटं बघा आणि मग तुमचं मत बनवा.

काही गोष्टी कुठल्याच छपाईत उतरत नाहीत. फ्रान्सने १९८९ मध्ये ईव्ह क्लाइनच्या निळ्या रंगातल्या कलाकृतीचं तिकीट काढलं. क्लाइनचा निळा खास आहे, कारण त्याने रंगाची पूड अशा राळेत बांधली की ती सुकल्यावरही पुडीसारखी कोरडी, मखमली दिसावी. तिकिटावर शाई आहे, पूड नाही. तो निळा तिथे सापडणार नाही. हे तिकीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिकिटाची हद्द कुठे संपते ते मला त्यानेच शिकवलं.

प्रत्येक तिकिटाशेजारी मूळ चित्राचं माप लिहा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

२०१० च्या त्या पत्रकावर दहा चित्रं एखाद्या दालनाच्या भिंतीवर टांगल्यासारखी मांडली आहेत. दिसायला सुंदर. पण तिकिटांचे परस्परांतले आकार मूळ चित्रांच्या प्रमाणात नाहीत. पोलॉकचं ‘कन्व्हर्जन्स’ साधारण २३७ सेंटिमीटर उंच आणि ३९४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे दिवाणखान्याची एक भिंत. डी कूनिंगचं ‘अ‍ॅशव्हिल’ सुमारे ६५ बाय ८१ सेंटिमीटर, म्हणजे दोन हातांत सहज धरता येईल एवढं. रॉथकोचं ‘ऑरेंज अँड यलो’ २३१ उंच, १८० रुंद; माणूस त्यासमोर उभा राहिला की वरची कड डोक्याच्या बरीच वर जाते.

एक कोरा कागद घ्या. ‘कन्व्हर्जन्स’ ५ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच कापा. त्याच प्रमाणात रॉथको २.३ बाय २.९ सेंटिमीटर होईल. आणि ‘अ‍ॅशव्हिल’ जेमतेम १ सेंटिमीटर रुंद, बोटाच्या नखाएवढं. हे तीन तुकडे पत्रकाशेजारी ठेवा. पत्रकाने तुमच्यापासून काय झाकलं होतं ते लगेच समजेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बराच वेळ त्या नखाएवढ्या तुकड्याकडे बघत बसलो होतो. कितीतरी वर्षं मी ही तीन चित्रं सारख्याच आकाराची समजत होतो.

दुसरा प्रयोग भिंतीचा. खडूने किंवा सुतळीने रॉथकोचं माप भिंतीवर आखा आणि हातात तिकीट धरून त्यासमोर उभे राहा. मुलं घरात असतील तर त्यांना बरोबर घ्या, त्यांना हे फार आवडतं. अमूर्त चित्रात ओळखीचा माणूस किंवा झाड नसतं, त्यामुळे डोळ्याला मापाचा आधार मिळत नाही. निसर्गचित्राचं तिकीट बघताना आपण झाडाच्या उंचीवरून सगळं ताडतो. इथे ताडायला काहीच नसतं. म्हणून आकडा लिहायचा.

अल्बमच्या पानावर प्रत्येक तिकिटाखाली मी एवढं लिहितो : चित्रकार, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, मूळ माप, मूळ चित्र कुठे आहे, तिकिटाचा देश आणि वर्ष, छपाईची पद्धत. आणखी एक नोंद महत्त्वाची : तिकिटावर पूर्ण चित्र आहे की त्याचा तुकडा. पुष्कळदा टपाल खातं आपल्या चौकटीत बसावं म्हणून चित्र कापतं. मोंद्रियानसारख्या चित्रकाराच्या बाबतीत कड कापणं म्हणजे अर्धं चित्र बदलणं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं पूर्ण चित्र समोर ठेवून तपासा.

पाण्यात टाकण्याआधी

पाकिटावरचं वापरलेलं तिकीट सोडवायची जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. कोमट पाण्यात भिजवा, आपोआप सुटू द्या, ओढू नका, स्वच्छ टिपकागदावर पालथं वाळवा, मग जाड पुस्तकात दाबा. वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाई लागते. रंगीत पाकिटाचा तुकडा असेल तर तो वेगळ्या भांड्यात भिजवा.

पण ही रीत स्वतःच्या चिकट्याने चिकटणाऱ्या नव्या तिकिटांना लागू नाही. गेल्या वीसेक वर्षांतली अमेरिकन तिकिटं पाण्यात सुटतच नाहीत. मी एकदा रात्रभर भिजवून ठेवलं होतं. सकाळी चिकटा तसाच होता आणि कागदाचे पापुद्रे निघाले होते. तेव्हापासून अशी तिकिटं मी सोडवतच नाही. भोवती अर्धा सेंटिमीटर पाकिटाचा कागद ठेवून कापतो आणि तशीच लावतो.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथल्या माणसांनी हा भाग नीट वाचावा. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा गोंद मऊ करतो. मिंट तिकिटं एकमेकांना किंवा पट्टीला चिकटली की किंमत गेलीच. ओलाव्याने कागदावर तपकिरी टिपकेही पडतात. ते एकदा पडले की पसरत जातात.

स्टॉकबुक आडवं रचू नका, पुस्तकासारखं उभं ठेवा आणि फार दाटीत नको. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि दर महिन्याला बघा. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या बदला किंवा गरम करून वाळवा. डांबरगोळ्या घालू नका. लॅमिनेशन तर कधीच नाही! पावसाळ्यात अल्बम कमी उघडा, आणि उघडायचाच तर कोरड्या दुपारी. दिवाळीच्या आधी एकदा सगळी पानं उलटून तपासा. टिपका दिसलेलं तिकीट त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं करा.

पैसे किती

पहिल्या वर्षी दोन-तीन हजार रुपयांच्या वर जाऊ नका. तेवढ्यात चिमटा-भिंग-स्टॉकबुक सोडून वीसेक चांगली तिकिटं होतात. कॅटलॉगमधली किंमत ही विकताना मिळणारी किंमत नसते. या शाखेतली बहुतेक तिकिटं लाखांनी छापलेली आहेत, ती गुंतवणूक नव्हे.

आणि मग मूळ चित्र

दहा-बारा तिकिटं जमली की एक खरं अमूर्त चित्र बघून या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जहांगीर निकल्सन दालन आहे. त्या संग्रहात गायतोंडे आहेत, रझा आहेत, बरवे आहेत. प्रदर्शनं बदलत असतात, म्हणून आधी विचारून जा. काळा घोडा परिसरातच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईतली इमारत आहे. खिशात भिंग नको, तिथे ते लागत नाही. आधी लांबून बघा, मग हातभर अंतरावर या, आणि बरोबर एक छोटी वही ठेवा. चित्राशेजारच्या पाटीवर माप दिलेलं असतं, ते उतरवून घ्या. रझांचं बिंदूचं चित्र लागलेलं असलं तर माझ्यासारखं करा : घरी येऊन अल्बमचं पहिलं पान उघडा, आणि दुपारी पाहिलेला तो काळा गोल आठवत तिकिटावरचा गोल बघा.